कुठेही बसा, टेबल आपलेच!

२०११ साली आमच्या कचेरीत विंडोजचे 'रोमिंग प्रोफाइल' आले. कोणत्याही संगणकावर बसा, आपलाच डेस्कटॉप समोर! पण सकाळी चहा संपला तरी तो उघडेना. आमचे सारे सामान सर्व्हरवरून संगणकावर यायचे, संध्याकाळी परत जायचे. आणि आम्ही तर लग्नाचे फोटोसुद्धा डेस्कटॉपवर ठेवलेले.

खरा घात मार्चअखेरीस झाला. निवृत्त होणाऱ्या शिपाईमामांचा पेन्शनचा तक्ता आम्ही एका संगणकावर पूर्ण करून लॉगआउट केले. दुसऱ्या संगणकावर मात्र सकाळपासूनचे लॉगिन तसेच होते. तिथल्या अर्धवट प्रतीत एक तारीख सुधारली, सेव्ह केली आणि घरी गेलो. नंतर सेव्ह झालेली म्हणून सर्व्हरने तीच खरी मानली! पूर्ण तक्ता गेला. दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत बसून पुन्हा केला. मामा शेजारी स्टुलावर बसून. एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागले.

पुढे 'फोल्डर रिडायरेक्शन' झाले. डेस्कटॉप नि कागदपत्रे सर्व्हरवरच राहू लागली, प्रवास फक्त सेटिंगांचा. लॉगिन झटपट. मात्र नेटवर्क गेले की फायली गायब, आणि ओरडणारे पहिले आम्हीच!