शनिवारची पोथी

ग्रंथ पूजणें आणि ग्रंथ वाचणें या दोन गोष्टी एकच होत, असा आम्हां सुशिक्षितांचा एक सोयीस्कर समज आहे. घरांत ज्ञानेश्वरी रेशमी बासनांत असते. तिच्यावर फूलही वाहिलें जातें. तिचे अठरा अध्याय ओळीनें कोणी केव्हां वाचले, हें विचारणें मात्र शिष्टाचारास धरून होत नाहीं. यहुदी लोकांच्या साप्ताहिक ग्रंथवाचनाविषयीं आम्हांस कुतूहल वाटूं लागलें तें यामुळेंच.

यहुद्यांचा मूळ ग्रंथ 'तोरा', म्हणजे मोशेचीं पांच पुस्तकें. त्याचे 54 भाग पाडलेले आहेत. दर शब्बाथाला, अर्थात् शनिवारीं, नेमलेला भाग सभास्थानांत वाचून वर्षाअखेर ग्रंथ पुरा करावयाचा, अशी बहुतेक ठिकाणीं वहिवाट आहे. शनिवार कमी पडले तर दोन भाग एकत्र घेतात. गाळीत मात्र कांहींच नाहींत. समाप्तीच्या दिवशीं मोशेचा मृत्यु वाचून होतांच दुसरी गुंडाळी उघडून सृष्टीच्या उत्पत्तीस आरंभ करितात. योसेफाची कथा कोणीही आवडीनें ऐकेल. परंतु पवित्र मंडपाच्या फळ्यांचीं मापें, कातडीवरील डागांचीं लक्षणें, खानेसुमारीचे आंकडे, हेंही सारें त्याच सुरांत वाचावें लागतें. आम्ही गेलीं तीस वर्षें विद्यार्थ्यांना निवडक उताऱ्यांचीं पुस्तकें शिकवीत आहों. आणि उतारे निवडणारा मनुष्य बहुधा आपल्याच आवडीचें प्रतिबिंब त्यांत पाहत असतो, अशी आमची खात्री होत चालली आहे. येथें तशी सोयच ठेवलेली नाहीं.

वाचनाची रीतही कडक आहे. गुंडाळी चर्मपत्राची व हातानें लिहिलेली. तींत स्वरचिन्हें नाहींत, विरामचिन्हें नाहींत. एक अक्षर तुटलें तरी दुरुस्तीवांचून ती वाचनास चालत नाहीं. वाचक तिला बोट लावीत नाहीं. टोंकाशीं इवलासा हात कोरलेल्या काडीनें ओळ धरतो. स्वर आणि चाल त्यानें आधीं घोकून यावें. परंतु पाठ आहे म्हणून गुंडाळीवरची नजर काढून म्हणूं लागेल तर तेंही चालत नाहीं. अर्थ पालटेल अशी चूक झाली कीं श्रोत्यांपैकीं कोणी तरी तत्काळ मोठ्यानें शुद्ध शब्द म्हणतो, आणि वाचक कितीही विद्वान् असला तरी त्याला मागें यावें लागतें. आमच्या पुराणिकबुवांना कोणा श्रोत्यानें असें अडविल्याचें वाचकांच्या ऐकिवांत आहे काय?

आमच्या या कौतुकाला एकाच ठिकाणीं अडखळावें लागतें, आणि तें ठिकाण आमच्या घराजवळच आहे. कोकणांतील बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारीं ते बंद ठेवीत. यावरून त्यांना 'शनवार तेली' हें नांव पडलें. त्यांच्याजवळ तोरा नव्हती. हिब्रूही विसरली होती. सुंता, शब्बाथ आणि देवाच्या एकत्वाची ग्वाही देणारी 'शेमा' प्रार्थना, एवढ्या शिदोरीवर त्यांच्या कित्येक पिढ्या गेल्या. तेव्हां माणसें ग्रंथानें टिकतात, हें म्हणणें आम्हांस आवरतें घ्यावें लागतें. त्यांना टिकविलें तें त्या बंद घाण्यानें. पुढें 1796 सालीं मुंबईंत त्यांचें पहिलें सभास्थान उभें राहिलें. 1832 सालीं जॉन विल्सन यांनीं हिब्रूचें व्याकरण मराठींत छापलें. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनीं हिब्रू प्रार्थना मराठींत आणल्या. 1880 च्या सुमारास हे लोक अब्राहाम-योसेफांच्या कथांवर मराठींत कीर्तनेंही करूं लागले. ग्रंथ उशिरा आला खरा, परंतु त्याच्यासाठीं वार मात्र पिढ्यान्पिढ्या मोकळा राखलेला होता.

1948 नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलांत गेलीं. परंपरेचा नियम असा कीं दहा प्रौढ पुरुष जमल्यावांचून वाचनासाठीं गुंडाळी काढावयाची नाहीं. आणि कोकणांतल्या जुन्या गांवीं आज दहा जमणें हेंच कठीण होऊन बसलें आहे.