मालाडचा गारठा

मालाडच्या पिवळसर दगडाने मुंबईतल्या मोठमोठ्या इमारती सजल्या. गारव्याबद्दल मात्र आमच्या मालाडचा लौकिक नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला येते ते पाणी चहासाठी अर्धे तापलेलेच!

तरी चिरंजीवांनी गार पाण्यात डुंबायचा टब आणला. पळून आल्यावर पाय ठणकतात, म्हणे. ऐसपैस टब सौ.ने नामंजूर केला : पाणी येणार घटकाभर, घर चौथ्या मजल्यावर, आणि लिटरमागे किलोचा भार! शेवटी २०० लिटरांचा उभट टब ठरला. २८ अंशांचे पाणी १५ वर आणायला सुमारे २७ किलो बर्फ लागतो, हे गणित मला सुचेपर्यंत बर्फवाला घरचा झाला होता.

पाण्यात शिरताच श्वास अडकतो, रक्तदाब चढतो. दोन मिनिटांत बाहेर यायचे, आणि जवळ कुणीतरी हवेच.

एका पहाटे पाहतो तो आमचे अप्पा, वय ७८, हृदयाची शस्त्रक्रिया झालेले, एक पाय टबात! मी दंड धरला.

"उरुळीकांचनला रोज बसत होतो मी!" ते कडाडले.

१९४६ साली गांधीजींनी सुरू केलेल्या त्या निसर्गोपचार आश्रमात ते तरुणपणी राहिले होते. पण तिथले कटिस्नान निराळे. पाणी बेंबीपर्यंत, पाय कोरडे, बाहेर. हे समजावताना माझाच हात थरथरत होता.

"रात्री तळपाय फार जळतात रे," अप्पा हळूच म्हणाले. आजवर हे कुणालाच ठाऊक नव्हते.

त्याच दिवशी डॉक्टर गाठले. आता औषध आहे, आणि त्यांना विचारून रात्री साध्या पाण्याची बादली. अप्पा पाय सोडून बसतात. पंचा घेऊन चिरंजीव शेजारी.