गोड्या-खाऱ्याच्या मधला बांध

गोडे पाणी आणि खारे पाणी यांच्यामध्ये अल्लाहने आड ठेवल्याचा उल्लेख सूरह फुरकानमध्ये आहे. तो वाचताना आम्हा पेण-रोह्याच्या खाडीकाठच्या लोकांना आपला खारबांध आठवल्याशिवाय राहत नाही.

आमच्या पाठीशी सह्याद्री आणि पुढ्यात खाडी. जून ते सप्टेंबर डोंगरावर कोसळणारा पाऊस काही तासांत खाली उतरतो. कुंडलिका तर भर उन्हाळ्यातही वाहते, कारण एरवी भीमेकडे गेले असते ते मुळशीचे पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरातून तिच्यात येते. रोह्याच्या पश्चिमेला फणसाडचे जंगल आहे. एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचे हे शिकारीचे रान; १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि शेकरूला निर्धास्त घर मिळाले.

खाली धरमतर आणि कुंडलिकेच्या खाड्यांत तिवरांची दाटी. त्यांच्या मुळांशी निवट्या, चिंबोऱ्या आणि जिताड्याची पिल्ले वाढतात. उधाणाच्या लाटेचा जोर आधी तिवरे झेलतात, मग बांध. बांधातली उघाडी ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरतीला मिटते. एवढ्याशा युक्तीवर आमचा भात उभा आहे.

बांधाला खांड पडली की एका भरतीत शेत खारे होते. दोन-चार पावसाळे खांड तशीच राहिली तर शेतात तिवर उगवते. मग ते तोडता येत नाही. उच्च न्यायालयाने २००५ पासून कांदळवनाला संरक्षण दिले आहे आणि ते योग्यच आहे. म्हणून खांड वेळेवर बुजवणे एवढेच आपल्या हाती उरते.

पूर्वी पावसाआधी घराघरातून माणूस बांधावर जाई. आता कुणी मुंबईला, कुणी आखातात. वडिलांमागे जमिनीचे हिस्से होतात, बहिणींनाही त्यांचा हक्क मिळतो, मिळालाच पाहिजे. पण बांधाची जबाबदारी कुणाच्याच वाट्याला येत नाही. शासनाचे खारभूमी खाते आहे, पण बांधाला पडलेले खेकड्याचे बीळ आधी दिसते ते गावातल्याच माणसाला.

वारसा वाटायला बसाल तेव्हा बांधाचेही नाव घ्या. जो गावात राहतो त्याने नजर ठेवावी, जो परदेशात आहे त्याने मजुरी पाठवावी. जमीन ही अमानत आहे, तर तिला राखणारा बांधही अमानतच आहे.