ल त्रेपोरची ओहोटी

पॅरिसच्या उत्तर स्थानकावरून निघून, बोव्हे येथे गाडी बदलून, गव्हाच्या अफाट शेतांतून रखडत-रखडत मी नॉर्मंडीतील ल त्रेपोर या चिमुकल्या बंदरी उतरलो, तेव्हा जुलैचे ऊन ऐन भरात होते आणि ब्रेल नदीच्या मुखाशी खडूचे उत्तुंग कडे, नुकताच चुना काढलेल्या भिंतीसारखे, डोळे दिपवीत उभे होते.

येण्याचे निमित्त होते एका चित्रपटाचे. एडन चेंबर्स या इंग्रज लेखकाची १९८२ सालची कादंबरी फ्रांस्वा ओझों याने सतराव्या वर्षी वाचली, पस्तीस वर्षे मनात मुरवली आणि २०२० साली तिच्यावर ‘एते ८५’, म्हणजे ‘उन्हाळा ८५’, हा चित्रपट काढला. मात्र इंग्लंडातील साउथएंडची ती कथा त्याने समुद्रापलीकडे, या बंदरी आणून वसवली. होडी उलटून पाण्यात पडलेल्या अलेक्सीला दाविद वाचवतो, मैत्रीची प्रीती होते, आणि आपल्यापैकी जो आधी जाईल त्याच्या थडग्यावर मागे राहिलेल्याने नाचायचे, असे विलक्षण वचन दाविद घेतो. उन्हाळा सरण्यापूर्वीच ते पाळण्याची पाळी अलेक्सीवर येते. दोन तरुणांच्या प्रेमाची कैफियत देत न बसता कथा आपले सारे बळ शोकाला वाहते, हे मला विशेष भावले. अशा प्रेमापुरती संमतिवयाची जी विषमता फ्रान्सच्या फौजदारी कायद्यात होती, ती १९८२ मध्येच रद्द झाली होती. आमच्याकडे कलम ३७७ चा जाच सर्वोच्च न्यायालयाने दूर केला तो सप्टेंबर २०१८ मध्ये, त्या कल्पित उन्हाळ्यानंतर तेहेतीस वर्षांनी.

कड्याच्या पोटातून वर चढणारी तारेची गाडी १९०८ सालची. तिला तिकीट नाही, हे ठाऊक नसल्याने मी हातात नाणी घेऊन बराच वेळ कारकुनाची खिडकी शोधीत राहिलो. वरून नदीपारचे मेर-ले-बें दिसते, नक्षीदार सज्जांच्या रंगीत घरांचे. नदी ओलांडली की नॉर्मंडीची सरहद्द संपून पिकार्दी लागते. खाली किनाऱ्यावर वाळूऐवजी गोटे, आणि लाट परतताना त्यांचा होणारा खडखडाट कड्यावरही ऐकू येतो.

अलेक्सीची होडी उलटते तो समुद्र होडीतूनच पाहावा, या हौसेने मी धक्क्यावर गेलो. ओहोटी लागली होती. बंदराच्या बाहेरच्या भागात होड्या चिखलात कुशीवर कलंडल्या होत्या. नावाड्याने माझे मोडके फ्रेंच निमूटपणे ऐकून घेतले आणि सात बोटे दाखविली. माझी गाडी सहाची होती.