पावडर लावलेलं इंजिन

सोसायटीच्या फलकावर परवा सूचना लागली: पेव्हर ब्लॉकवर तेलाचे डाग पाडणारी वाहने मालकांनी अन्यत्र लावावीत. असं वाहन आमच्याकडे एकच आहे, माझी १९८२ची प्रीमियर पद्मिनी. नाव लिहायची गरज कुणाला वाटली नाही.

डाग होता, बशीएवढा. गॅरेजमधल्या मुलाने वाकून पाहिलं. गिअरबॉक्स इंजिनाला जिथे भिडतो त्या सांध्यातून ऑइल टपकत होतं. "मागचं सील गेलंय काका. इंजिन उतरवावं लागेल." मी बॉनेट लावलं आणि गाडी घरी आणली.

कारण असं निदान मी शाळेत असतानाच खोटं ठरताना पाहिलं होतं. अप्पा गोणपाटावर पाठ टेकून गाडीखाली शिरलेले, बॅटरी माझ्या हातात. उजेड आपोआप थेंबाकडे जायचा. अप्पा माझं मनगट धरून वर वळवायचे. "खाली काय बघतोस? वर बघ."

गाडी पळते तेव्हा पंख्याचा आणि रस्त्याचा वारा ऑइलला मागे रेटतो, उतार त्याला खाली नेतो. म्हणजे थेंब पडतो ती जागा त्याच्या प्रवासाचा शेवट. सुरुवात शोधायला अप्पा इंजिन रॉकेलने धुवायचे, चिंध्यांनी लख्ख कोरडं करायचे आणि मग आईच्या ड्रेसिंग टेबलावरचा पावडरचा डबा आणून सगळ्या इंजिनावर झटकायचे. आई दारातून म्हणायची, "सवत आणलीत ती आणलीत, आता माझी पावडरही तिलाच?" इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं. त्या पांढऱ्यावर कुठेतरी एक ओली काळी रेघ उतरायला लागायची. तिच्या वरच्या टोकावर अप्पा बोट ठेवायचे आणि काही बोलायचे नाहीत.

या गाडीचा इतिहास कुणी विचारला नाही तरी सांगतो. वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. इटलीची फियाट ११०० तिथे १९६४पासून डिलाइट नावाने बनू लागली, पुढे प्रेसिडेंट झाली आणि १९७४मध्ये पद्मिनी. इंजिन तेच, १०८९ सीसीचं. पैसे भरून लोक वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघत. अप्पांनीही बघितली. आणि केंद्राच्या २०२१च्या नियमात व्हिंटेज म्हणवून घ्यायला गाडीला ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात. तोवर माझी गाडी नुसतीच जुनी.

घरी आणलेल्या गाडीवर मीही अप्पांचीच रीत वापरली. रेशनचं निळं रॉकेल आता कुठलं मिळायला? डिझेलने धुतलं. पावडर बायकोची. रेघ उतरली ती टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून, ब्लॉकच्या पाठीवरून सरळ खाली, त्या बदनाम सांध्यापर्यंत. सील बिचारं निर्दोष.

पण या कव्हरखालचं पॅकिंग तर आदल्याच वर्षी बदललं होतं, आणि वरून सिलिकॉनची ट्यूब पिळली होती. या सिलिकॉनवर माझा जुना राग आहे. बाहेर फुगलेलं दिसतं तेवढंच आतही फुगतं. आतला तुकडा सुटला की चेंबरमध्ये पडतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो. त्यात बोल्ट आवळताना जोर काढायचा, म्हणजे पत्र्याचं कव्हर वाकतं आणि कॉर्क चिरडतो. गळती थांबवण्याच्या नावाखाली गळतीची सोय.

तरी नवं पॅकिंग वर्षात का फुटावं? ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनावर काढलं तर आतून भसाभस वाफारा आला. पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा वायू खाली उतरतोच. त्याला बाहेर पडायला ब्रीदर असतो. माझ्या गाडीच्या ब्रीदरमध्ये काळा गाळ घट्ट बसला होता. कोंडलेला दाब मग जिथे कच्चं सापडेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. तारेने, डिझेलने ब्रीदर मोकळा केला.

नवं कॉर्क पॅकिंग शोधत नाना पेठेत हिंडलो. एका म्हाताऱ्या दुकानदाराने फळीवरून धुळकट पुडकं काढलं. "हे शेवटचं. हा माल टॅक्सीवाल्यांसाठी यायचा." हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली, म्हणून ऑक्टोबर २०२३अखेर काळीपिवळीतली पद्मिनी संपली. त्या दिवशी लोकांनी हळहळ व्यक्त केली, फोटो टाकले, मीही टाकला. पण आमच्यासारख्या रविवारच्या हौशी मालकांच्या गाड्या चालू होत्या त्या रात्रंदिवस राबणाऱ्या त्या टॅक्सींच्या जिवावर. त्यांचे पॅड झिजत, पॅकिंग सुकत, म्हणून कुणीतरी ते बनवत होतं. आम्ही गाडी पुसायचो आणि स्वतःला जतन करणारे समजायचो.

दुकानदाराने मग कॉर्कचा तावही दिला. पुढच्या वेळी कव्हर त्यावर ठेवायचं, कडेकडेने हलक्या हातोडीने ठोकत जायचं, पॅकिंग कापून निघतं. जुने मेस्त्री असंच करत.

गाडी आता कोरडी आहे. सूचना अजून फलकावर आहे, राहू दे. तुमच्या घरी अशी जुनी गाडी असेल आणि कुणी इंजिन उतरवा म्हणालं, तर होकार देण्याआधी एवढंच विचारा: ब्रीदर उघडून बघितलात का?