म्हसवडहून, नॉर्मल रेंजला

प्रिय नॉर्मल रेंज,

थायरॉइडच्या रिपोर्टवर उजव्या कडेला बारीक अक्षरांत तू असतेस. कधी ०.४ ते ४.०, कधी ०.५ ते ५. म्हसवडला आम्ही फक्त रक्त काढतो, नळ्या मोठ्या शहरात जातात. संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, ४.८ असा ठळक दिसला की मावशी दारात उभ्या. "ताई, थायरॉइड झालाय का? आता जन्मभर गोळी?"

एका वहिनींचा टीएसएच ६० च्या वर निघाला होता. त्यांचं दुखणं तुझ्यामुळेच कळलं, ते मी विसरणार नाही. पण ४.८ चं काय?

तू कशी ठरतेस, हे मावशींना कुणी सांगत नाही. निदान १२० निरोगी माणसं निवडायची. गळ्याला गाठ नको, घरात थायरॉइडचा आजार नको, गोळ्या चालू नकोत, रक्तात थायरॉइडविरोधी अँटिबॉडी नकोत. आकडे चढत्या क्रमाने लावून खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडायचे. मधले ९५ टक्के म्हणजे तू. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतली पाच मुळातच तुझ्याबाहेर पडतात. त्यात टीएसएच रात्री चढतो, दुपारी उतरतो, आणि यंत्र बदललं तरी आकडा हलतो.

गरोदर पोरींच्या बाबतीत मात्र माझा जीव तुटतो. २००८ साली दिल्लीत डॉ. मारवाह आणि सहकाऱ्यांनी ३३१ निरोगी गर्भवतींच्या रक्तावरून पहिल्या तिमाहीची वरची हद्द ५.० काढली होती. तरी २०११ मध्ये अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने, जिथे स्वतःची रेंज नाही तिथे, २.५ धरायला सांगितलं. २०१७ मध्ये त्यांनीच ती ४ च्या आसपास नेली. मधल्या वर्षांत ३.२ बघून माझ्यासमोर रडलेल्या पोरींची पोरं आता शाळेत जातात.

म्हणून मागणं एवढंच, की तुझ्यात आमच्या माणदेशाचं रक्त यावं. मेंढरांमागे हिंडणारे, ऊसतोडीहून परतलेले, पिशवीतलं मीठ खाणारे आणि अजून खडेमीठच वापरणारे. मिठातल्या आयोडीनवर थायरॉइड चालतो, त्यामुळे कुणाच्या घरी कोणतं मीठ आहे याचीही नोंद हवी. गर्भवतींची मोजणी वेगळी, तिमाहीगणिक.

कुणी हे काम हाती घेतलं तर सकाळी आठ ते दहाच्या वेळेत नळ्या मी भरून देईन. माणसंही मीच गोळा करीन. मार्गशीर्षात इथल्या सिद्धनाथाच्या रथयात्रेला सगळी येतातच.

तुझी,
रक्त काढणारी ताई