झीलस्ट्रासवरचे जुने भोजनगृह

स्वित्झर्लंडमधील झ्युरिक शहरात, बँका आणि जवाहिऱ्यांच्या पेढ्यांनी भरलेल्या बानहोफस्ट्रास या हमरस्त्यावरून झील नदीच्या दिशेने वळले की थोड्याच अंतरावर, सेंट आना गल्लीच्या तोंडाशी, हिल्टल नावाचे भोजनगृह लागते. १८९८ साली सुरू झालेल्या या भोजनगृहात तेव्हापासून मांस वाढले गेलेले नाही, आणि अखंड चालू असलेले जगातील सर्वांत जुने शाकाहारी उपाहारगृह म्हणून गिनीजने त्याची नोंद केली आहे. दुपारी येथे कचेऱ्यांतून सुटलेल्या माणसांची रांग लागते, संध्याकाळी त्याच छताखालचा बार जागा होतो, आणि रात्र चढत जाते तशी ताटावाट्यांची जागा पेल्यांनी आणि संगीताने घेतलेली दिसते.

मराठी वाचकाला यातली शाकाहाराची बाजू चटकन उमगते, परंतु तिच्या शेजारी मद्याचा पेला पाहून त्याचे मन जरा अडखळते, कारण वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ पडते तेव्हा मांस आणि मद्य एकाच शपथेने सुटतात आणि माळकरी म्हटले की दोन्ही सोडलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. झीलस्ट्रासवरच्या या घराचा जन्मही अशाच दुहेरी व्रतातून झाला, ही गोष्ट त्याचा आजचा थाट पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. त्याचे मूळ नावच शाकाहारी निवास आणि मद्यवर्ज्य कॅफे अशा अर्थाचे होते. त्यातला शाकाहार टिकला आणि मद्यवर्जन गळून पडले, आणि या घराचा स्वभाव समजून घ्यायचा तर या एका बदलापाशीच थांबावे लागते.

एकोणिसाव्या शतकातील स्विस समाजाला बटाट्यापासून गाळलेल्या स्वस्त दारूने पोखरले होते. तिचा पूर आवरण्यासाठी १८८७ पासून संघराज्य सरकारने ऊर्ध्वपातित मद्याचा एकाधिकार आपल्या हाती घेतला, आणि पुढे १९०८ च्या सार्वमताने ॲबसिंथ या हिरवट, कडू वनस्पतींच्या मद्यावर बंदीचा कौल दिला. झ्युरिकमध्ये या प्रश्नाने धार घेतली ती डॉक्टर आणि स्त्रिया यांच्यामुळे. बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयाचे प्रमुख ऑगस्ट फोरेल यांनी रुग्णांच्या अनुभवावरून संपूर्ण मद्यत्यागाचा पुरस्कार केला, तर सुझाना ओरेली यांनी १८९४ मध्ये महिला मंडळाच्या वतीने मद्यरहित उपाहारगृहांची चळवळ उभी केली. ग्रोसमुन्स्टर या शहरातील मुख्य चर्चच्या शेजारी, एका जुन्या घरात, ‘कार्ल देर ग्रोस’ हे त्यांचे उपाहारगृह चालू झाले. अशा ठिकाणी अल्प पैशांत गरम जेवण मिळे आणि पेय मागवल्याखेरीज बसता येणार नाही अशी अट नसे. पगाराचा दिवस पिठ्यात संपवणाऱ्या कामगाराच्या कुटुंबासाठी ही केवढी मोठी सोय होती, हे मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. १९१९ मध्ये झ्युरिक विद्यापीठाने ओरेलीबाईंना वैद्यकशास्त्राची सन्माननीय डॉक्टरेट दिली, ती उचितच होती.

याच काळात जर्मन भाषक प्रदेशात जीवनसुधारणा नावाची एक व्यापक विचारधारा पसरली होती. कारखानदारीने माणूस निसर्गापासून तुटला असून सूर्यप्रकाश, मोकळी हवा, कच्चा व साधा आहार आणि नशेपासून मुक्ती यांनीच तो पुन्हा निरोगी होईल, असे तिचे अनुयायी मानत. म्यूझली हा ओट, किसलेले सफरचंद, दूध आणि सुकामेव्याचा पदार्थ ज्यांनी रूढ केला ते डॉ. बिर्शर-बेन्नर झ्युरिकमधलेच, आणि त्यांचे आरोग्यधाम शहराच्या माथ्यावरील टेकडीवर होते. या विचारधारेत मांस आणि मद्य हे जोडशत्रू होते.

मात्र ज्या शहरात हे सारे रुजू पाहत होते, त्याच्या धर्मजीवनाच्या पायाशीच मांसाहाराचा एक प्रसंग आहे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या व्रतकाळात मांस वर्ज्य असताना, ९ मार्च १५२२ रोजी क्रिस्टोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी काही मंडळींनी धुरावलेल्या सॉसेजचे तुकडे वाटून खाल्ले. छापखान्याचे काम इतके अंगावर आले आहे की माणसांना पोटभर खाणे भाग आहे, अशी फ्रोशाउअरची सबब होती. तेथे हजर असलेल्या उल्रिख झ्विंग्ली या धर्मोपदेशकाने स्वतः घास घेतला नाही, पण पुढच्याच दिवसांत प्रवचन देऊन आणि ते छापून त्याने खाणाऱ्यांची बाजू उचलून धरली: काय खावे हे माणसाच्या सदसद्विवेकावर सोडावे, व्रताची सक्ती करण्याचा अधिकार चर्चला शास्त्राने दिलेला नाही. स्वित्झर्लंडमधील धर्मसुधारणेचा आरंभ या सॉसेजपासून मोजतात. साहजिकच, मांस न खाणे हे झ्युरिककराच्या मनात पुढे शतकानुशतके जुन्या सक्तीशी जोडले गेले असल्यास नवल नाही, आणि शाकाहारी निवासाकडे शहराने संशयाने पाहिले त्यामागे हाही एक धागा असावा.

हा संशय बोचरा होता. येथे जेवणाऱ्यांना गवतखाऊ म्हणून हिणवले जाई, भोजनगृहाला मुळ्याकंदांचा बंकर असे टोपणनाव पडले होते, आणि चारचौघांत पत असलेली माणसे मागच्या दाराने आत शिरत. बव्हेरियातून आलेला अँब्रोसियस हिल्टल हा शिंपी त्यांच्यात सामील झाला तो तत्त्वासाठी नव्हे, सांध्यांच्या दुखण्यामुळे. ज्याचे पोट बोटांवर चालते त्याची बोटेच आखडू लागली, डॉक्टरांनी मांस सोडायला सांगितले, आणि त्याला पथ्याचे जेवण देणारी जागा सापडली ती हीच. दुखणे हटले, १९०३ मध्ये त्याने डबघाईला आलेल्या या जागेचा कारभार अंगावर घेतला, आणि तेव्हापासून ती त्याच्या घराण्यात आहे. आजाऱ्याने चालवलेले आजाऱ्यांसाठीचे खानपान असा तिचा आरंभीचा रंग होता, आणि आजाऱ्याच्या पथ्यात चव मागण्याची कोणाची छाती होत नाही.

ती चव आली भारतातून. १९५० च्या दशकात या घराण्यातील मार्ग्रिथ हिल्टल शाकाहाराच्या जागतिक परिषदेसाठी दिल्लीला गेल्या आणि तेथून भारतीय स्वयंपाकाची ओढ घेऊन परतल्या. धने, जिरे, हळद, वेलची यांची झ्युरिकला फारशी ओळख नव्हती. तरीही हळूहळू भारतीय पदार्थ येथे कायमचे वस्तीला आले. उकडलेल्या भाज्या आणि सॅलड यांच्या पलीकडे मांसाविना भरघोस, रसदार, मसालेदार जेवण होऊ शकते, हे युरोपाला पटवण्याचे काम उपदेशाने कधीच झाले नसते. योगायोग असा की त्याच दशकात मुंबई राज्यात दारूबंदी पूर्णपणे लागू होती आणि गांधीविचारांचे राज्यकर्ते तिचा आग्रह धरून होते. तेथे मद्यवर्जनाची गाठ कायद्याने घट्ट केली जात होती, आणि इकडे झीलस्ट्रासवर ती काळाच्या ओघात सैल होत गेली.

आजचे दुपारचे दालन पाहिले की पथ्याची आठवणही उरत नाही. मध्यभागी शंभराहून अधिक पदार्थांची लांब मांडणी असते. बीटाचे सॅलड, मसूर, थाई करी, पनीर, आणि झ्युरिकचा अभिमान असलेल्या गेश्नेत्सेल्टेस या पदार्थाचा मांसविरहित अवतार. मूळ पदार्थात वासराच्या मांसाचे पातळ काप साय आणि मशरूमच्या रश्श्यात शिजवून रोश्टी या कुरकुरीत बटाट्याच्या थापटीबरोबर वाढतात. येथे मांसाच्या जागी गव्हातील प्रथिनांपासून केलेले सेतान असते. ग्राहक आपली थाळी स्वतः भरतो, ती काट्यावर ठेवतो आणि वजनाइतके दाम मोजतो. पालेभाजीचा डोंगर हलका भरतो आणि दोन डाव डाळ जड, त्यामुळे सरावलेली माणसे पाने सढळ आणि बटाटे बेताने घेतात. त्यांच्यातली पुष्कळजण इतरत्र मांस खातात. शाकाहार हा येथे व्रत राहिलेला नसून त्या दिवशीच्या भुकेचा कौल आहे, आणि झ्विंग्लीच्या शहरात हेच रुजावे यात एक सुसंगती आहे.

संध्याकाळच्या बारला मात्र या घराच्या तत्त्वाने एक अवघड हिशेब लावून दिला आहे. द्राक्षाची वाइन गढूळ राहू नये म्हणून ती निवळतात, आणि निवळण्यासाठी परंपरेने अंड्याचा पांढरा बलक, दुधातील केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या वाताशयापासून केलेले चूर्ण वापरतात. गाळ खाली बसतो आणि हे पदार्थ त्याच्याबरोबर निघून जातात, तरी शाकाहाराच्या काटेकोर व्याख्येत जिलेटिन किंवा माशाचे चूर्ण वापरलेली वाइन बसत नाही. म्हणून खनिज मातीने निवळलेली किंवा न निवळलेली वाइन शोधावी लागते. चीजचेही तेच: ग्रुयेरसारखे पारंपरिक स्विस चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजते, आणि भारतातून आलेल्या शाकाहारी प्रवाशाला याची कल्पना असतेच असे नाही. संपूर्ण मद्यत्यागाच्या काळात वाइनचा हा प्रश्नच नव्हता.

ओरेलीबाईंनी ज्या माणसासाठी आपली दारे उघडली, तो पगाराच्या दिवशी घराबाहेर पडलेला, थकलेला आणि मोहात सापडलेला माणूस आजच्या झीलस्ट्रासवर दिसत नाही, आणि दिसला तरी या बारच्या दरांत तो बसणार नाही. मद्यवर्जन गळून पडले तेव्हा शाकाहारी भोजनाला शहराच्या मध्यभागी उजळ माथ्याने बसता आले, हा लाभ खरा. पण त्या वर्जनामागची गरिबाची काळजीही त्याच्याबरोबर दाराबाहेर गेली, आणि ती उणीव कितीही उत्तम जेवणाने भरून निघण्यासारखी नाही.